गोऱ्या दारातला जातीचा दावा

अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या माणसांना कसे वागवले, हा विषय आपल्याकडे शिकवला जातो तेव्हा तो बहुधा 'भारतीयही तेथे वर्णद्वेषाला बळी पडले' या एका वाक्यात संपतो. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. गोऱ्यांनी दारात अडवल्यावर त्यांतील काही भारतीयांनी दार उघडावे म्हणून आपली उच्च जात पुढे केली, ही गोष्ट या वाक्यात येत नाही. त्या दाव्याचे काय झाले आणि दार शेवटी कोणाच्या लढ्याने उघडले, हे आपण नीट तपासले पाहिजे.

(१)

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० सालचा. बाहेरून आलेल्या माणसाला नागरिक व्हायचे तर तो 'स्वतंत्र आणि गोरा' असला पाहिजे, अशी त्यात अट होती. गुलामगिरी संपवण्यासाठी त्या देशाला यादवी युद्ध करावे लागले. त्या युद्धानंतर १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली आणि देशाच्या भूमीवर जन्मलेला माणूस नागरिक ठरला. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या परदेशी माणसालाही नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच मुक्तीच्या गौरवार्थ.

परंतु काळ्यांच्या बेड्या तोडणाऱ्या त्याच देशाने पुढल्या दशकात आशियाई मजुरांवर दार लावले. पॅसिफिक किनाऱ्याकडून येणारा रेल्वेमार्ग डोंगर फोडून हजारो चिनी मजुरांनी बांधला. १८६९ साली मार्ग पुरा झाला आणि १८८२ साली चिनी मजुरांच्या प्रवेशाला बंदी करणारा कायदा आला. चिनी माणसाला नागरिकत्व नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. १८८५ साली वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगार ठार मारले. १८९२ च्या कायद्याने चिनी मजुराला रहिवासाचा दाखला जवळ बाळगण्याची सक्ती झाली. दाखला नसेल तर अटक, आणि पुढे हद्दपारी.

या अंधारात एकच फट राहिली. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क चीनला जाऊन परतला तेव्हा त्याला बंदरातच अडवले. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे तो नागरिक असल्याचे मान्य केले. काळ्या गुलामांच्या मुक्तीतून जन्मलेले कलम एका चिनी स्वयंपाक्याच्या कामी आले. याची नोंद करून पुढे जाऊ.

(२)

विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील शेतकरी आणि माजी शिपाई कॅनडातून व समुद्रमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. लाकडाच्या गिरण्या, रेल्वे आणि शेतमळे येथे ते राबत. त्यांत बहुसंख्य शीख होते; तरी तेथे सगळ्याच भारतीयांना 'हिंदू' म्हणत. १९०७ च्या सप्टेंबरात बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकलले. १९१७ साली काँग्रेसने अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून कायदा केला. त्याने आशियाचा फार मोठा पट्टा 'निषिद्ध प्रदेश' ठरवला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता.

आधीच आत असलेल्यांपुढे प्रश्न होता नागरिकत्वाचा, म्हणजेच 'गोरा कोण' या प्रश्नाचा. १९१० साली मुंबईच्या भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थाला न्यायालयाने गोरा मानले. १९१३ साली अक्षयकुमार मजुमदार यांनी आपण शुद्ध रक्ताचे उच्चवर्णीय हिंदू, म्हणून आर्य, म्हणून गोरे, असा युक्तिवाद केला आणि तो मान्य झाला. भगतसिंग थिंद यांचे प्रकरण याच वाटेने वर गेले.

थिंद १९१३ साली अमेरिकेत आले. १९१८ साली ते अमेरिकन सैन्यात होते. ज्या देशाचा गणवेश अंगावर घातला त्या देशाचे नागरिकत्व मागणे, ही मागणी न्याय्यच होती. तिच्यासाठी निवडलेला आधार मात्र पाहावा. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तोच असा : अमृतसरला जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा गोरा आहे काय? थिंद यांच्या बाजूने सांगितले गेले की, जातिबंधनांनी आर्यरक्त शुद्ध राखले आहे. आणि विवाहसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासीकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. आमचा विद्यार्थी तहसील कचेरीच्या रांगेत उभा राहून जातीचा दाखला काढतो तेव्हा तो पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाची नोंद मागत असतो. वॉशिंग्टनच्या न्यायालयात सादर झालेला दाखला उलट्या जातीचा होता. आम्हीही तुमच्यासारखेच माणसांना दूर ठेवतो, म्हणून आम्हाला जवळ घ्या, असा त्याचा अर्थ होता. आपल्या देशातील अस्पृश्यता ही परदेशात पात्रता म्हणून मांडली गेली!

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. तो लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे बाहेरून आलेलेच. त्यांनी म्हटले की, 'गोरा' शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञ काय करतात हे महत्त्वाचे नाही. सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. जातीच्या नियमांनी रक्ताची सरमिसळ पूर्णपणे रोखली गेलेली दिसत नाही, हेही त्यांनी सुनावले. ज्या उतरंडीवर वरची पायरी मागितली होती, तिच्या मालकांनी पायरी नाकारली. पुढे मजुमदारांसह अनेकांचे मिळालेले नागरिकत्व हिरावले गेले. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी १९२८ साली याच दुःखात आत्महत्या केली. त्या मरणाविषयी आपल्याला करुणाच वाटली पाहिजे. थिंद यांना नागरिकत्व मिळाले १९३६ साली, आणि तेही माजी सैनिक म्हणून. जात त्यांच्या कामी आली नाही, चाकरी आली.

(३)

थिंद अमेरिकेत आले त्याच १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांनी तेथे उलट काम आरंभले. १९१६ साली वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ सजातीय विवाहाच्या बंधनात शोधले. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे त्यांनी पंजाबचेच उदाहरण घेऊन दाखवले. १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागितली. थिंद यांच्या वकिलांनी निग्रोपासूनचे अंतर मोजून दाखवले होते. बाबासाहेबांनी निग्रोशी असलेले नाते ओळखले.

इतिहासाने कौल कोणत्या बाजूने दिला? १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्व खुले झाले, पण प्रवेशाचा कोटा ठरला वर्षाला फक्त १०० माणसे. खरे दार उघडले १९६५ च्या कायद्याने. त्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. मॉन्टगोमेरीच्या बसपासून सेल्माच्या पुलापर्यंत काळ्या माणसांनी मार खाऊन वर्णभेदाचा कायदा खिळखिळा केला नसता, तर ही पद्धत इतक्यात मोडती ना. त्या दारातून मग आपले डॉक्टर आणि इंजिनियर आत गेले. कायद्याने शिक्षण आणि कौशल्याला अग्रक्रम दिला होता. आणि आपल्याकडे ते शिक्षण तोवर कोणाच्या घरात होते, हे या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

त्यांच्या सामानात जातही गेली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहराच्या कौन्सिलने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी केली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. थिंद निकालाला शंभर वर्षे होऊन दोनच दिवस झाले होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले, तेव्हा गव्हर्नरांनी त्यावर नकाराधिकार वापरला. विरोध करणाऱ्यांत तेथील भारतीयांच्या काही संघटना आघाडीवर होत्या. १९२३ साली जात अभिमानाने सांगितली गेली. २०२३ साली 'येथे जात नाहीच' असे सांगितले गेले. दोन्ही वेळा हेतू एकच, पायरी टिकवणे.

आणि ती जुनी फट? २०२५ च्या जानेवारीत जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावणारा आदेश अध्यक्षांनी काढला, तेव्हा भारतीय आईबापांच्या पोटीही भीतीचा गोळा आला. आदेशाला आव्हान देणाऱ्यांनी आधार घेतला तो १८६८ च्या दुरुस्तीचा आणि वाँग किम आर्कच्या खटल्याचा. गुलामांच्या मुक्तीने दिलेले कलम पुन्हा एकदा परक्याच्या मुलांसाठी उभे राहिले.

दारात अडवलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात. आपल्यापेक्षा खालचा कोणीतरी दाखवून स्वतः आत शिरायचे, किंवा बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांसह दाराचा नियमच बदलायचा. पहिल्या मार्गाने गेलेल्यांच्या हाती शेवटी काय लागले, ते थिंद खटल्याच्या कागदपत्रांत लिहिलेले आहे. आज आपल्यातीलही मुले-मुली शिकून त्या देशात जात आहेत. त्यांनी अवश्य जावे. पण ज्यांच्या रक्ताने ते दार उघडले त्यांचे नाव आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे, आणि दारात आपल्यामागे कोण उभे आहे हे वळून पाहण्याची सवयही असली पाहिजे.