तेराव्या सुराचा इतिहास

पियानोवरील पांढऱ्या पट्ट्यांपैकीं एक सोडून एक अशा तीन पट्ट्या एकदम दाबल्या म्हणजे दो-मी-सोल हा स्वरसंघ उमटतो. गायनशाळेंत सॉल्फा शिकलेल्या प्रत्येक बालकास तो परिचित आहे. ह्या स्वरसंघासच वादक कॉर्ड असें म्हणतात. ह्याच पायावर मजल्यामागून मजला चढवून जॅझ-वादकांनीं जी इमारत उभारली, तिचा इतिहास येथें संक्षेपानें सांगण्याचा मानस आहे.

सोलनंतर पुन्हां एक पट्टी सोडून सी घेतला कीं सातवा सूर मिळतो. त्याच रीतीनें पुढें रे, फा आणि ला हे अनुक्रमें नववा, अकरावा व तेरावा सूर होत. ह्यापुढें एक पट्टी सोडली कीं पुन्हां दो येतो. सातही सूर संपले, म्हणून तेरावा ही शेवटची पायरी.

ही शिडी चढण्यास शतकें लागलीं. १६०० सालीं बोलोन्याचे धर्मगुरु आर्तूसी यांनीं मोंतेवेर्दी यांच्या रचनांतील विसंवादी सुरांवर कडक टीका केली. ज्या प्रकारचे सूर त्यांस नियमबाह्य वाटले, ते आज आपल्या कानास खटकतही नाहींत. पुढें फ्रान्समध्यें देबुसी (१८६२–१९१८) व राव्हेल (१८७५–१९३७) यांनीं नववा व अकरावा सूर निव्वळ रंगासाठीं मुक्तपणें योजिले. अमेरिकेंत, ज्यांच्या पूर्वजांस गुलाम करून आणिलें होतें त्या कृष्णवर्णीय समाजानें जॅझ निर्माण केलें. ड्यूक एलिंग्टन आणि दृष्टि अत्यंत अधू असलेले आर्ट टेटम यांच्या बोटांखालीं हे वरचे सूर त्यांत रुळले. १९४० नंतरच्या बीबॉपमध्यें तर ह्या वरच्या सुरांवरच चाली रचल्या जाऊं लागल्या.

वाचक विचारतील, सातही सूर एकदम वाजविल्यास गोंगाट होणार नाहीं काय? अवश्य होईल; आणि येथेंच खरी कला आहे. पांचवा सूर प्रथम गाळतात, कारण त्यावांचून अर्थ बदलत नाहीं. तिसरा व सातवा मात्र राखावे लागतात. स्वरसंघाचा स्वभाव तेच सांगतात. मोठ्या तिसऱ्यावर अकरावा सूर अर्ध्या अंतरानें घासतो, म्हणून तो गाळतात किंवा अर्धा सूर चढवितात. बिल एव्हान्स (१९२९–१९८०) यांनीं मूळ सूर बास-वादकावर सोपवून डावा हात मोकळा केला. नवशिक्यानें डाव्या हातानें पुढील क्रम वाजवून पाहावा: फा-ला-दो-मी, मग फा-ला-सी-मी, मग मी-सोल-सी-रे. पहिला रे-चा नववा, दुसरा सोल-चा तेरावा, तिसरा दो-चा नववा. आणि ह्यांपैकीं एकांतही मूळ सूर नाहीं. पहिल्यापासून दुसऱ्याकडे जातांना एकच बोट हलतें. तिसऱ्याकडे जातांना सी जागींच राहतो व इतर तीन सूर एकेक पायरी उतरतात.

हें संगीत आपल्या दारींही आलें होतें. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनींही तेथें वादन केलें; १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें त्यांचा अंत झाला. त्या काळच्या मुंबईंतील जॅझ-वृंदांत गोंयकार वादक पुष्कळ होते, आणि त्यांतील अनेकांनीं स्वरलेखन धर्मग्रामांतील शाळांत शिकलें होतें. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनीं तें ज्ञान हिंदी चित्रपटसंगीतांत ओतलें. गीतें घरोघरीं पोहोंचलीं, परंतु वाद्यमेळ रचणाऱ्यांचीं नांवें बहुधा पडद्याआडच राहिलीं. हें ऋण आपण विसरूं नये.

जॅझ म्हणजे केवळ नाचघराचें संगीत असें मानणाऱ्यांनीं मेरी लू विल्यम्स यांचें चरित्र पाहावें. ह्या थोर पियानोवादक बाईंनीं १९५७ सालीं कॅथलिक धर्म स्वीकारला, आणि १९७५ सालीं त्यांनीं रचिलेला जॅझ मिस्सा न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्यें वाजला. आर्तूसींच्या काळीं जे सूर वादाचा विषय झाले, त्यांचे वारस वेदीसमोर सन्मानानें उभे राहिले.

आमच्या तरुण वादकांनीं हे स्वरसंघ निर्भयपणें अभ्यासावे. मात्र प्रत्येक सूर कां ठेविला व कां गाळिला, ह्याचें उत्तर आपणाजवळ असूं द्यावें.