कॅलिफोर्नियातील घाऊक वीजबाजार (१९९८-२००१) : कार्यक्षमतेचा ऐतिहासिक विचार

वीजनिर्मितीत स्पर्धा आणल्यास वीज स्वस्त होईल, या अपेक्षेने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९६ मध्ये पुनर्रचनेचा कायदा केला. मार्च १९९८ च्या अखेरीस घाऊक बाजार सुरू झाला. राज्यातील तीन मोठ्या खाजगी वितरण कंपन्यांनी आपली बहुतेक वायू-विद्युत केंद्रे विकली; लागणारी वीज त्यांनी मुख्यतः दैनंदिन लिलावातून घ्यावी असे ठरले. ग्राहकांचे दर गोठविलेले होते आणि दीर्घ मुदतीच्या खरेदीकरारांना फारसा वाव नव्हता. पुढील अनर्थाचे बीज या दोन तरतुदींतच होते.

लिलावात स्वीकारलेल्या सर्वांत महाग विजेचा भाव सर्वच उत्पादकांना मिळत असे. त्या काळी वीज मोठ्या प्रमाणावर साठविता येत नव्हती आणि दर गोठलेला ग्राहक भाव वाढला म्हणून वापर कमी करीत नाही. त्यामुळे मागणी वाढलेल्या दिवशी एखाद्या उत्पादकाने आपले एक केंद्र बंद ठेवले, तर उरलेल्या केंद्रांच्या विजेवर तो तोट्याहून अधिक मिळवू शके. त्यासाठी संगनमताचीही गरज नव्हती.

१९९९ च्या उन्हाळ्यात घाऊक विजेवरील खर्च २.०४ अब्ज डॉलर होता. २००० च्या उन्हाळ्यात तो ८.९८ अब्ज झाला. बोरेनस्टाईन, बुशनेल व वोलाक यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या वाढीपैकी २१ टक्के उत्पादनखर्चामुळे, २० टक्के स्पर्धात्मक बाजारातही मिळालाच असता अशा लाभामुळे, तर ५९ टक्के बाजारशक्तीच्या वापरामुळे होती. वायूची महागाई व जलविद्युतेची टंचाई खरी होती. परंतु सारा दोष त्यांच्या माथी मारणे या आकड्यांशी विसंगत ठरते. त्याच अभ्यासात कमी मागणीच्या महिन्यांतील भाव पहिल्या दोन वर्षांत स्पर्धात्मक पातळीजवळ आढळले, हेही नोंदविले पाहिजे.

जानेवारी २००१ मध्ये, मागणी उन्हाळ्यापेक्षा कमी असतानाही, राज्यात आळीपाळीने वीज तोडावी लागली. ६ एप्रिल रोजी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. (दाभोळमुळे महाराष्ट्रास परिचित असलेल्या एन्रॉनचे या बाजारातील डावपेच २००२ मध्ये उघड झाले.) जून २००१ मध्ये संघीय नियामक आयोगाने संपूर्ण पश्चिम विभागात भावनियंत्रण लागू केले आणि भाव उतरले. तोपर्यंत राज्य शासनाने चढ्या भावाने दीर्घ मुदतीचे करार करून ठेवले होते. त्यांचा भार ग्राहकांच्या बिलांवर अनेक वर्षे राहिला.