स्नूकरच्या टेबलावरील ठिपके आणि बनातीची निगा

स्नूकरचे टेबल प्रथमच पाहणाऱ्याचे लक्ष हिरव्यागार कापडावर आणि रंगीत चेंडूंवर खिळते. त्या कापडावर उमटवलेले सहा लहान ठिपके, एक आडवी रेषा आणि अर्धवर्तुळ यांच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक संपूर्ण खेळ या खुणांवर उभा असतो. खेळात पडलेला रंगीत चेंडू पुन्हा कोठे ठेवायचा, पांढरा चेंडू कोठून मारायचा, लाल चेंडूंचा त्रिकोण कोठे रचायचा, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या ठिपक्यांत आहेत. एकेकाळी जिमखाने आणि लष्करी मेस यांच्यापुरता मर्यादित असलेला हा खेळ आता जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. परंतु टेबल बसवणारा आणि कापड ताणणारा कुशल कारागीर गेवराईसारख्या ठिकाणी सहजी मिळत नाही. त्याला बहुधा मोठ्या शहरातून बोलवावे लागते. अशा वेळी खुणा अचूक करणे आणि कापड राखणे ही कामे टेबलाच्या चालकालाच शिकून घ्यावी लागतात. त्या दृष्टीने ही माहिती उपयुक्त ठरावी.

खेळाचा वारसा

स्नूकरचा जन्म भारतातच झाला. १८७५ साली जबलपूर येथील लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून हा नवा खेळ सुरू केला, असे मानले जाते. पुढे १८८२ च्या सुमारास उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावण्यात आले. बिलियर्ड्स आणि स्नूकर हे दोन्ही खेळ एकाच मापाच्या टेबलावर खेळले जातात आणि महाराष्ट्राला या टेबलाची मोठी परंपरा आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. वैयक्तिक खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये हाच मान मिळवला. २००३ मध्ये जागतिक हौशी स्नूकर विजेता ठरलेला पंकज अडवाणी बंगळूरचा खेळाडू म्हणून ओळखला जात असला, तरी त्याचा जन्म पुण्याचाच.

माप कोठून घ्यावे?

पूर्ण आकाराचे टेबल 'बारा बाय सहा' फुटांचे म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्ष खेळाची जागा मात्र ३५६९ मिलिमीटर लांब आणि १७७८ मिलिमीटर रुंद असते. दोन्ही मापांत १३ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त चालते. ही जागा एका कुशनच्या नाकापासून समोरच्या कुशनच्या नाकापर्यंत मोजतात. कुशनचे नाक म्हणजे रबराची पुढे आलेली धार, जिला चेंडू प्रत्यक्ष स्पर्श करतो. ही धार खालच्या दगडी लादीपासून काहीशी उंचावर असते आणि तिच्याखाली कापड आत गेलेले असते. नवशिका माणूस टेप कुशनखाली सरकवून मोजतो आणि तेथेच सर्व खुणा चुकतात.

यावर सोपा उपाय आहे. सुताराकडून दोन इंच रुंदीची, रंधा मारलेली सरळ लाकडी पट्टी घ्यावी आणि ती कापडावर आडवी न टाकता कडेवर उभी ठेवावी. अशी पट्टी थेट कुशनच्या नाकाला टेकते. दोन्ही टोके गुण्याने तपासून एक पट्टी बरोबर ७३७ मिलिमीटरची आणि दुसरी ३२४ मिलिमीटरची कापून ठेवल्यास दर वेळी टेप धरण्याचे कारण उरत नाही. इतर मापांसाठी पोलादी टेप वापरावा. शिंप्याचा कापडी टेप वापराने ताणतो. तो या कामाचा नाही. खूण करण्यासाठी मात्र शिंप्याचा चपटा खडू उत्तम.

खुणा करण्याचा क्रम

प्रथम टेबलाची कोणती बाजू खालची व कोणती वरची हे ठरवावे. स्नूकरच्या लोकरी कापडाला म्हणजेच बनातीला एका दिशेने झुकलेली लव असते आणि ही लव खालच्या, म्हणजे बॉक बाजूकडून वरच्या, म्हणजे काळ्या चेंडूच्या बाजूकडे जाणारी असावी लागते. तळहात हलकेच फिरवून पाहावा. ज्या दिशेने तो गुळगुळीत सरकतो, त्या दिशेच्या शेवटी काळ्याचे स्थान.

त्यानंतर पुढील क्रम पाळावा.

१. खालच्या कुशनपासून ७३७ मिलिमीटरवर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे बारीक खूण करावी. तिन्ही खुणा एका सरळ पट्टीने जोडल्या की बॉक लाइन तयार होते.

२. टेबलाची रुंदी बॉक लाइनजवळ आणि वरच्या कुशनजवळ अशी दोन ठिकाणी प्रत्यक्ष मोजून निम्मी करावी. त्या दोन मध्यबिंदूंवरून बारीक दोरा ताणून बसवावा. ही मध्यरेषा कापडावर आखायची नसते. दोरा ज्या ठिकाणी बॉक लाइनला छेदतो, ते तपकिरी चेंडूचे स्थान.

३. तपकिरी ठिपका केंद्र मानून २९२ मिलिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ खालच्या कुशनच्या बाजूला काढावे. हाच 'डी'. बॉककडून वर पाहिले असता डीच्या उजव्या टोकाला पिवळा आणि डाव्या टोकाला हिरवा चेंडू येतो.

४. टेबलाची लांबी दोऱ्याच्या रेषेत मोजून बरोबर मध्यावर निळ्याचा ठिपका करावा. निळा आणि वरचे कुशन यांच्या बरोबर मध्ये गुलाबी. वरच्या कुशनपासून ३२४ मिलिमीटरवर काळा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निळ्याचे व गुलाबीचे स्थान पुस्तकातील आकड्यावरून न काढता आपल्या टेबलाच्या प्रत्यक्ष लांबीवरून काढावे. टेबल १० मिलिमीटरने आखूड असले, तर मध्यही ५ मिलिमीटरने सरकतो. बॉक लाइन, डी आणि काळा यांची मापे मात्र ठरलेली आहेत.

पडताळा

खडूच्या खुणा पक्क्या करण्यापूर्वी तीन पडताळे घ्यावेत. पहिला, पिवळा आणि हिरवा हे आपापल्या बाजूच्या कुशनपासून सारख्या अंतरावर हवेत. पूर्ण मापाच्या टेबलावर हे अंतर ५९७ मिलिमीटर भरते. दुसरा, दोन्ही मधल्या पॉकेटच्या मध्यांवरून दोरा ताणला असता तो निळ्याच्या ठिपक्यावरून जावा. तिसरा, प्रत्येक मधल्या पॉकेटपासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक असे दोन तिरपे दोरे ताणावेत; ते गुलाबीच्या ठिपक्यावर एकमेकांना छेदतात. एखादा पडताळा जुळला नाही तर ठिपका हलवण्याची घाई न करता मोजमाप पहिल्यापासून करावे. कधी कधी दोष ठिपक्यात नसून कुशन बसवण्यात असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हिशेबात आहे. काळ्याच्या ठिपक्यापासून वरच्या कोपऱ्यातील पॉकेट सुमारे ९५ सेंटिमीटर दूर असते. काळा आपल्या जागेपासून एक सेंटिमीटर पुढे किंवा मागे असेल आणि खेळाडूने सवयीच्या दिशेने त्याला मारले, तर पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत चेंडू साधारण ९ मिलिमीटरने चुकतो. पॉकेटचे तोंड सुमारे साडेतीन इंच आणि चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जी थोडी सूट असते, तिच्यातील एका बाजूची निम्मी सूट या एका सेंटिमीटरने खाल्ली जाते. चुकीच्या ठिपक्यावर वर्षभर सराव केलेल्या मुलाची नजर त्या चुकीलाच सरावते. मग तो पुण्या-मुंबईच्या टेबलावर उभा राहतो, फटका चुकतो आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो.

नियमांतही ठिपक्याला हेच महत्त्व आहे. पडलेल्या रंगीत चेंडूची स्वतःची जागा व्यापलेली असेल, तर तो सर्वाधिक गुणांच्या मोकळ्या ठिपक्यावर ठेवतात. सर्वच ठिपके व्यापलेले असल्यास तो स्वतःच्या ठिपक्याच्या शक्य तितक्या जवळ, वरच्या कुशनच्या दिशेने सरळ रेषेत ठेवावा लागतो. ठिपकाच संदिग्ध असेल तर वाद अटळ होय.

लहान टेबलांसाठी

सर्वच ठिकाणी पूर्ण आकाराचे टेबल ठेवण्याइतकी जागा नसते. लहान टेबलावर प्रमाणाने खुणा कराव्यात. खेळाच्या जागेच्या लांबीचा एकपंचमांश भाग बॉकसाठी, रुंदीचा एकषष्ठांश भाग डीच्या त्रिज्येसाठी आणि लांबीचा एक-अकरांश भाग काळ्यासाठी, असे साधारण प्रमाण आहे. समजा खेळाची जागा २९७० बाय १४८५ मिलिमीटर आहे, तर बॉक लाइन ५९४ वर, डीची त्रिज्या सुमारे २४८ आणि काळा २७० मिलिमीटरवर येईल. निळा आणि गुलाबी यांची रीत तीच.

ठिपका कशाने करावा?

पडताळा झाल्यावर बारीक टोकाच्या, शाई न पसरणाऱ्या पेनाने लहानसा ठिपका करावा. बॉलपेन दाबून फिरवू नये, त्याने कापडात चर पडते. बाजारात मिळणारे चिकट गोल ठिपके सोयीचे असतात आणि तेथील कापडाची झीजही कमी करतात. मात्र ते अत्यंत पातळ असावेत. जाड ठिपक्यावरून हळू जाणारा चेंडू दिशा बदलतो. कडा उचलली गेलेला ठिपका तत्काळ काढावा आणि काढताना तो लवेच्या दिशेने, सावकाश सोलावा. एकावर एक ठिपके चिकटवत जाण्याची पद्धत घातक आहे. नवे कापड काही काळाने सैल पडते व पुन्हा ताणावे लागते. त्या वेळी जुन्या खुणाही सरकतात. म्हणून कापड ताणल्यावर मोजमाप पुन्हा करणे आवश्यक ठरते.

कापडाचे शत्रू

ठिपक्यांवरील कापड सर्वांत आधी झिजते. याचे कारण खेळाडूंच्या हातात आहे. चेंडू ठेवताना तो आपटणे, किंवा स्थिर राहावा म्हणून वरून दाबून ठोकणे, यामुळे तेथे खळगा पडतो. एकदा खळगा पडला की जवळून जाणारा प्रत्येक चेंडू त्यात ओढला जातो. चेंडू दोन बोटांनी अलगद ठेवावा, हा नियम पहिल्या दिवशीच शिकवला पाहिजे. डीमध्ये जोरदार फटक्यांमुळे चेंडू कापडावर घासतो आणि त्या उष्णतेने पांढरट डाग उमटतात. क्यू उभा धरून मारलेले फटके तर कापड फाडण्याचेच निमंत्रण. नवशिक्यांना ते मनाई असावेत.

दुसरा शत्रू म्हणजे धूळ. कापसाच्या पट्ट्यातील गेवराईत उन्हाळ्याची कोरडी धूळ आणि वेचणीच्या हंगामातील उडते तंतू या दोहोंपासून टेबल वाचवावे लागते. त्यात क्यूला लावायच्या खडूची भुकटी मिसळते. ही कणीदार धूळ लवेच्या मुळाशी बसली की प्रत्येक चेंडूबरोबर कापड आतून कापले जाते. खडू टेबलापासून दूर उभे राहून लावावा आणि तो कापडावर किंवा कुशनवर उपडा ठेवू नये. खोलीला दाराशी पायपुसणे आणि खिडक्यांना जाळी असावी. खेळ संपल्यावर टेबलावर सुती आच्छादन टाकावे. चहा, पाण्याची बाटली आणि खाद्यपदार्थ टेबलापासून लांबच बरे.

तिसरा शत्रू दमटपणा. लोकर हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात कापड जड होते आणि चेंडू मंदावतो. त्या दिवसांत इस्त्रीचे महत्त्व वाढते.

झाडणे आणि इस्त्री

पूर्वीच्या क्लबांतून टेबलाची देखभाल करणाऱ्या आणि गुण मोजणाऱ्या माणसाला 'मार्कर' म्हणत. आजही अनेक ठिकाणी हाच शब्द रूढ आहे. चांगल्या मार्करचा दिवस ब्रशने सुरू होत असे. ब्रश नेहमी बॉककडून वरच्या कुशनकडे, सरळ पट्ट्यांत फिरवावा. गोल, आडवा किंवा उलट दिशेने तो कधीही फिरवू नये. कुशनखालच्या कडा आणि पॉकेटचे तोंड यांत साचलेली धूळ प्रथम काढावी.

पूर्ण झाडल्याशिवाय इस्त्री करू नये, अन्यथा धूळ कापडात पक्की बसते. टेबलाची खास इस्त्री मिळते. ती मध्यम तापवून आधी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावी. कागद पिवळसर झाला तर ती अधिक तापली आहे असे समजावे. इस्त्रीही ब्रशच्याच दिशेने, न थांबता सरकवावी आणि रबराच्या कुशनला लागू देऊ नये. कापडावर पाणी मारून इस्त्री करणे सर्वथा टाळावे. चेंडूही मऊ, ओलसर फडक्याने पुसून कोरडे करावेत, कारण मळलेला चेंडू आपला मळ कापडालाच देतो.

दररोज ब्रश, खेळाच्या प्रमाणात नियमित इस्त्री, महिन्यातून एकदा पट्टी लावून ठिपक्यांची तपासणी आणि प्रत्येक ताणणीनंतर नवे मोजमाप, एवढा नेम पाळला तर महागडे कापड अधिक काळ टिकते. त्याहून मोठा लाभ खेळाडूचा आहे. मोठ्या शहरातील वातानुकूलित सभागृह किंवा नामवंत प्रशिक्षक गेवराईच्या मुलाला लगेच मिळणार नाहीत. परंतु ७३७ मिलिमीटर हे माप सर्वत्र सारखेच असते. एक पट्टी, एक दोरा आणि थोडी चिकाटी असेल तर त्याचे टेबल मापाला कोणत्याही मोठ्या क्लबाच्या टेबलाइतकेच खरे ठरू शकते.