इंग्रजीचाही वनवास

आज जगभर मानाने वावरणारी इंग्रजी भाषा मूळची ब्रिटनची नव्हे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. त्या बेटावरील प्राचीन रहिवासी केल्टिक कुळातील भाषा बोलत. इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने तेथे स्वारी केली आणि पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे बेटाच्या मोठ्या भागावर रोमन सत्ता नांदली.

पाचव्या शतकात ही सत्ता ओसरल्यावर आजच्या डेन्मार्क व उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या समुद्र ओलांडून आल्या. अँगल लोकांवरून देशाला ‘इंग्लंड’ आणि भाषेला ‘इंग्लिश’ हे नाव मिळाले. या नवागतांनी मूळच्या रहिवाशांनाच ‘परके’ ठरविले. ‘वेल्स’ हे नाव त्याच अर्थाच्या शब्दापासून आले आहे. केल्टिक शब्द इंग्रजीत फार थोडे उरले. मात्र नद्यांनी काही जपले : ‘एव्हन’ या नदीनावाचा मूळ अर्थच ‘नदी’ असा आहे.

इ. स. ७९३ मध्ये लिंडिस्फार्नचा मठ लुटणाऱ्या व्हायकिंगांचे भाऊबंद पुढे तेथेच स्थायिक झाले. ‘स्काय’, ‘एग’ आणि ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांचीच देणगी. त्यांच्याशी झुंजणाऱ्या आल्फ्रेड राजाने लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणविले आणि तरुणांना आधी इंग्रजी वाचता यावे, असा आग्रह धरला. स्वभाषेतून शिक्षणाचा हा विचार अकराशे वर्षांपूर्वीचा आहे.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि इंग्रजीचा वनवास सुरू झाला. दरबारात फ्रेंच, धर्मपीठांत लॅटिन. इंग्रजी उरली शेतात आणि चुलीपाशी. मेंढपाळाची ‘शीप’ धन्याच्या ताटात ‘मटन’ झाली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, मराठीत ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा इंग्लंडच्या राजदरबारी न्यायालयांतील वाद फ्रेंचमध्येच चालत. ते इंग्रजीत चालावेत, असा कायदा १३६२ मध्ये झाला. गंमत अशी, की तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. त्यानंतर चॉसरने इंग्रजीला काव्यात प्रतिष्ठा दिली आणि १४७६ मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला.

सुमारे तीनशे वर्षे राजाश्रयाविना इंग्रजी तगली, कारण आया मुलांशी त्याच भाषेत बोलत राहिल्या. परकीय शब्दांना तिने दार बंद केले नाही आणि स्वतःचे घरही सोडले नाही. १७८६ मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे समान मूळ सुचविले. पुढील संशोधनाने इंग्रजी व मराठी याच विस्तृत कुळातील ठरल्या. ‘मदर’ आणि ‘माता’ या दूरच्या बहिणीच आहेत. म्हणून इंग्रजी अवश्य शिकावी, मनापासून शिकावी. पण तिच्या इतिहासाचा धडाही सोबत घ्यावा. भाषा दरबारातून हद्दपार झाली तरी जगते. घरातून हद्दपार झाली, तर मात्र तिला कोणताच कायदा परत आणू शकत नाही.