तळटीप : चौकट-छायाचित्रण
प्रवाळभित्तीच्या पाहणीत पाणबुडे तळावर मोजपट्टी अंथरतात, तिच्या कडेने ठरावीक अंतरावर चौकोनी चौकट ठेवून वरून सरळ खाली छायाचित्र घेतात आणि पुढे संगणकावर त्या चित्रावर बिंदू विखरून प्रत्येकाखाली जिवंत प्रवाळ, शैवाल की वाळू आहे हे नोंदवून त्यांचे शेकडा प्रमाण काढतात. तांबडा प्रकाश पाण्यात आधी शोषला जात असल्याने फ्लॅशविना सारे निळसर दिसते, आणि सहजीवी शैवाल गमावून प्रवाळ किती पांढरे पडले, हा अंदाज फसतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७) गढूळ पाणी ही मोठीच अडचण. विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रात बुडालेल्या, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवर मात्र खोलीमुळे पाणबुड्याला तळाशी वेळच थोडा मिळतो.