वकिलांच्या नियतकालिकातला एक लेख आणि फर्दापूरची हद्द

अजिंठा लेण्यांच्या वाटेवरचे फर्दापूर आज पर्यटकांचे गाव आहे. चहाच्या टपऱ्या, लेण्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या आणि मोगलकालीन जुनी सराय, एवढीच त्याची ओळख उरली आहे. 1936 साली मात्र हे गाव एका हद्दीजवळ होते. इकडे निजामाचे राज्य आणि पहूरच्या बाजूला ब्रिटिशांचा खानदेश. पलीकडच्या दाव्याचे अपील मुंबई हायकोर्टात जाई, इकडच्या दाव्याचे हैदराबादेत, तेही उर्दूत. एका बापाच्या दोन लेकी या दोन बाजूंना दिलेल्या असतील, तर निकाह एकाच शरियतने होई, पण तो मोडायची वेळ आली की कायद्याची दारे वेगळी असत.

त्याच 1936 साली ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या 38 व्या खंडात एक लेख आला. विषय होता मुस्लिम पत्नीचा विवाहविच्छेदाचा हक्क आणि लेखक होते आसफ अली असगर फैजी. माथेरानला 1899 मध्ये जन्मलेले, सुलेमानी बोहरा घराण्यातले, केंब्रिजला शिकलेले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारे बॅरिस्टर. पुढे 1938 ते 1947 ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते.

‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ही 1899 चाच. रतनलाल आणि धीरजलाल या वकील जोडीने तो सुरू केला. अशा नियतकालिकाचे दोन भाग असतात. एकात कोर्टाचे निकाल आणि दुसऱ्यात, ज्याला ‘जर्नल’ म्हणतात त्यात, वकील-प्राध्यापकांचे लेख. दोन्हींचे पृष्ठांक वेगळे. नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’नेही हीच पद्धत ठेवली. निकाल कोर्टाला बांधतो, लेख कुणालाच बांधत नाही. मग लेख लिहायचा कशाला?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. इंग्रजांच्या कोर्टात जो ‘मोहमेडन लॉ’ चालला, त्याची पुस्तके बहुतांशी इतरांनी लिहिली. हॅमिल्टनने 1791 मध्ये ‘हिदाया’चे इंग्रजी भाषांतर केले, तेही मूळ अरबीवरून नाही, फारसी भाषांतरावरून. एवढ्या फेऱ्यांत मूळ अर्थ घसरणारच. 1894 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने स्वतःच्या संततीसाठी केलेला वक्फ बेकायदा ठरवला. कलकत्ता हायकोर्टात न्या. अमीर अली यांनी त्याआधीच याविरुद्ध मत नोंदवले होते. ते अल्पमत ठरले, पण विरून गेले नाही. लेखन, अर्ज आणि चळवळ होत होत 1913 साली कायदा करून वक्फची ती रीत पुन्हा वैध करावी लागली.

स्त्रियांचा प्रश्न त्याहून जिव्हारी लागणारा होता. हनफी फिकहमधील एका प्रसिद्ध मतानुसार बेपत्ता नवऱ्याचे वय नव्वद होईपर्यंत बायकोने वाट पाहायची. मालिकी मत चार वर्षांचे. काही स्त्रिया सुटकेसाठी धर्म सोडण्याचा मार्ग धरू लागल्या, तेव्हा उलेमाही हलले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मालिकी मताचा आधार घेण्याची वाट दाखवली. मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले आणि 1939 मध्ये ‘मुस्लिम विवाहविच्छेद कायदा’ झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे खर्च देत नसेल, छळ करीत असेल, तर पत्नीला कोर्टात जाता येऊ लागले.

हा कायदा फैजींच्या लेखामुळे झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या काळात हा प्रश्न मदरशात, कायदेमंडळात आणि वकिलांच्या पानांवर एकाच वेळी चर्चिला जात होता. वकिलांच्या पानांवर तो मांडणारा कुणीतरी आपल्यातला होता, हे महत्त्वाचे. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा निजामाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसे. पहूरच्या लेकीला जे मिळाले, ते फर्दापूरच्या लेकीला त्या दिवशी मिळाले नाही.

फैजींचा ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मडन लॉ’ हा ग्रंथ 1949 मध्ये आला. 2017 च्या तिहेरी तलाकच्या निकालात न्या. नरिमन यांनी त्याचा आधार घेतला. लेखातून ग्रंथ, ग्रंथातून निकाल, असा हा संथ प्रवास असतो.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1981 मध्ये औरंगाबादला मुंबई हायकोर्टाचे कामकाज सुरू झाले. आज फर्दापूर आणि पहूर एकाच खंडपीठाखाली आहेत. याच खंडपीठात 2002 मध्ये पूर्णपीठाने सांगितले की, ‘मी तलाक दिला आहे’ एवढे कैफियतीत लिहून तलाक सिद्ध होत नाही. त्यामागचे कारण आणि समेटाचा प्रयत्न दोन्ही दाखवावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाचा शमीम आरा निकाल त्यानंतर काही महिन्यांनी आला.

आपली मुले-मुली आज मोठ्या संख्येने एलएल.बी. होत आहेत. व्हॉट्सॲपवर शरियतची बाजू मांडणारे पुष्कळ, पण कायद्याच्या नियतकालिकाकडे लेख पाठवणारे थोडे. मुद्दा एकच घ्यावा. कलम आणि निकाल मुळातून वाचून मगच संदर्भ द्यावा. विरुद्ध जाणारा निकाल दडवू नये, त्याला उत्तर द्यावे. भावना दुखावल्याची तक्रार संपादक छापत नाही, युक्तिवाद छापतो. लेख परत आला तर सुधारून पुन्हा पाठवावा. आपला कायदा इतरांनी लिहिला ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे, पण तिला उत्तर द्यायची जागा त्या ‘जर्नल’च्या पानांवर आजही मोकळी आहे.