महाडच्या म्युनिसिपालिटीचे दोन ठराव

आज ५ जानेवारी १९२४. तुम्ही महाडात आहात, कुलाबा जिल्ह्यात, सावित्रीकाठच्या जुन्या बाजारपेठेत. म्युनिसिपालिटीची सभा भरली आहे. अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. मागे भिंतीला टेकून उभे राहा आणि ऐका.

पाचच महिन्यांपूर्वी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला आहे : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सरकारी शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो आज महाडात उतरतो आहे. चवदार तळं सर्वांना खुलं! ठराव मंजूर होतो, वहीत नोंदला जातो, सभा उठते.

आता तळ्याकडे चला. भोवताली सवर्णांची घरं. मुसलमान इथे पाणी भरू शकतात. महारवाड्यातून मात्र कुणी येत नाही. उद्या या, पावसाळ्यात या, पुढच्या वर्षी या, हेच दिसेल. ठराव झाला खरा, पण तो अमलात आणायला कुणी पुढे आलेलं नाही. वहीतल्या ओळीने कुणाचंच काही बिघडलेलं नाही.

तीन वर्षं ओलांडा. १९ मार्च १९२७, कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. कोकणातला मार्च, अंगाची काहिली होते आहे. मांडवात गावोगावची माणसं दाटीने बसली आहेत. त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं आहे, आणि तेही ज्या गावाचं तळं कागदोपत्री त्यांनाही खुलं आहे त्या गावात. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघते. तुम्हीही तिच्यात चाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरतात, ओंजळीने पाणी पितात, आणि मागोमाग सगळे. १९२४ चा ठराव आज पहिल्यांदा अमलात आला. तो आणला या माणसांनी, आणि त्याची किंमतही त्यांनीच दिली : आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठते, परतणाऱ्यांवर लाठ्या चालतात, डोकी फुटतात. पुढे पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली जाते.

पुन्हा सभेत या. ४ ऑगस्ट १९२७. बोले यांच्या ठरावाला आज बरोबर चार वर्षं झाली, आणि आजच महाडची म्युनिसिपालिटी आपला १९२४ चा ठराव रद्द करते. मधल्या काळात मूळ ठरावातला शब्दही बदललेला नाही. बदललं ते एवढंच की माणसांनी तो खरा मानला आणि ती पाणी प्यायली. लोकांनी हक्क वापरला, तेव्हाच तो किती जणांना सलत होता हे कळलं.

डिसेंबरात दुसरी परिषद भरते, तोवर सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला आहे. सत्याग्रह थांबतो, खटला चालू राहतो. १७ मार्च १९३७ रोजी तुम्ही मुंबई उच्च न्यायालयात बसला आहात. निकाल येतो : तळं म्युनिसिपालिटीच्या मालकीचं आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादिकाळापासूनची असल्याचं वादींना सिद्ध करता आलेलं नाही. ओंजळीपासून इथवर दहा वर्षं लागली.

आता आपल्या काळात, आपल्या गावात या. नगरपालिकेची सभा असेल तेव्हा जाऊन बसा, ग्रामसभेत हात वर करा, मागच्या सभेचं इतिवृत्त मागा. मंजूर झालेल्या प्रत्येक ठरावाबद्दल विचारा : हा कुणी, कधी अमलात आणायचा? आणि कागदावर खुल्या असलेल्या पाण्यासाठी आजही कुणाला पैसे मोजावे लागत असतील, तर त्यांच्यासोबत तिथवर चालत जा.